नाणेघाटाचा लेखक ‘अ‍ॅडमिन’ नाही

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. लोकलमध्ये ऐकताना नावं आणि सनावळ्या निसटतात, म्हणून सगळं इथे मांडून ठेवतोय.

आजचा विषय आहे फुकटचे ऑनलाइन सायटेशन जनरेटर. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कुठून आलं? सांगतो. शहापूर किंवा मुरबाडच्या कॉलेजात माहुलीवर, नाणेघाटावर प्रोजेक्ट करायचा, तर शेवटी संदर्भसूची लागतेच. मग साइट उघडायची, लिंक चिकटवायची, बटण दाबायचं. दहा सेकंदांत ओळ तयार. प्रश्न एवढाच, की त्या ओळीत नाव कोणाचं येतं?

नाणेघाटाचंच घेऊ. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाकडून वर चढलं की घाटमाथ्यावर, जुन्नरच्या बाजूला, कातळात कोरलेलं लेणं लागतं. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारी सातवाहनांची ही व्यापारी वाट. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचा हिशोब त्यात आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. पण वर कोरलेली नावं उरली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरी सातकणि. कोरणाऱ्यानं नाव लिहून ठेवलं, म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला कळतं की तिथे कोण होतं.

आता हा लेख आपल्यापर्यंत आला कसा? एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी अभ्यासकांचं लक्ष त्याच्याकडे वेधलं. मग आले पंडित भगवानलाल इंद्रजी. मूळचे जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांच्या नकला घेणारे. नाणेघाटातल्या अंकांच्या चिन्हांवर त्यांनी निबंध लिहिला. ते लिहायचे गुजरातीत, इंग्रजी भाषांतर दुसरे करायचे. पुढे १८८३ मध्ये जॉर्ज ब्यूलर यांचं या लेखाचं वाचन पुरातत्त्व खात्याच्या अहवालात छापलं गेलं. विसाव्या शतकात वा. वि. मिराशींनी सातवाहनांवर काम केलं. म्हणजे आपण सहज ‘नागनिकेचा शिलालेख’ म्हणतो, त्यामागे एवढ्या माणसांची नजर आणि आपापसातले वादही आहेत. लेखाची सुरुवात तुटलेली आहे, आणि त्याचा काळ नेमका कोणता यावर अजून एकमत नाही.

आणि जनरेटरला यातलं काय कळतं? मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. जनरेटर लेख वाचत नाही. तो पानाच्या कोडमध्ये लपलेल्या चिठ्ठ्या वाचतो: लेखक, शीर्षक, तारीख. ब्लॉगवाल्यानं लेखकाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ ठेवलं असेल, तर तुमच्या सूचीत लेखक ‘अ‍ॅडमिन’. भगवानलाल गायब!

तारखेचंही तसंच. ठाणे जिल्ह्याचं जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेलं गॅझेटियर १८८२ चं. त्याचा मजकूर वेबवर मिळतो. पण सूचीत पान अपलोड झाल्याचं वर्ष आलं, तर? गॅझेटियरमधलं ‘सध्या’ म्हणजे १८८२. वाचणाऱ्याला वाटेल, हे आत्ताचं शहापूर.

मराठी पुस्तकांत आणखी एक खड्डा आहे. जुन्या पुस्तकावर शके १८२० छापलेलं असतं. ते तसंच टाइप केलंत, तर जनरेटर मुकाट्यानं १८२० लिहितो. खरं वर्ष १८९८. थेट ७८ वर्षांचा फरक!

नावांची गंमत बघा. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गावोगाव फिरून गोळा करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे, निरुक्ताचे अभ्यासक. मराठीत एक वि. का., दुसरे वै. का. इंग्रजी आद्याक्षरं केली की दोघेही ‘राजवाडे, व्ही. के.’!

यात मशीनचा दोष नाही. हे साचे दुसऱ्या गरजेतून आले. एपीए पद्धत १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केली. आज तिच्यात लेखकाच्या पाठोपाठ वर्ष येतं, कारण तिथे संशोधन किती ताजं हे महत्त्वाचं. इतिहासात तेवढ्यानं भागत नाही. मूळ साधन कोणतं, ते कोणी वाचलं, कोणत्या आवृत्तीत छापलं, हे लागतं. म्हणून इतिहासवाले तळटिपांवर जास्त भर देतात. गंमत म्हणजे झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्याच केंद्रातून आलं. त्यात प्रत्येक रकाना हातानं दुरुस्त करता येतो.

तेव्हा जनरेटर जरूर वापरा. स्वल्पविराम लावायला तो आपल्यापेक्षा पक्का आहे. पण कॉपी करण्याआधी तीन गोष्टी बघा. लेखक खरा माणूस आहे का? वर्ष मूळ पुस्तकाचं आहे की वेबपानाचं, आणि शक आहे की सन? आणि तुम्ही खरंच काय वाचलंत? ब्लॉगवर ब्यूलरचं मत वाचलं असेल, तर ‘ब्यूलर, अमुक ब्लॉगवरून’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. उलट पुढच्याला वाट सापडते.

आपल्या भागाबद्दल लिहिलेलं आधीच थोडं आहे. ते ज्यांनी घाट चढून, अक्षर लावून मिळवलं, त्यांचं नाव आपल्याच पोरांच्या प्रोजेक्टमधून पुसलं जाऊ नये, एवढंच म्हणणं.

तुमच्या गावाबद्दलचा सगळ्यात जुना छापील उल्लेख कुठे सापडतो, शोधा आणि कळवा. मात्र पान नंबरासकट! भेटू पुढच्या भागात.