डोंगर कागदावर कसा उतरला



पाणलोटाचं काम गावात आलं की ग्रामसभेत भिंतीवर मोठा नकाशा लागतो. त्यावर तपकिरी रेषांचं जाळं असतं. ‘हे साहेब लोकांचं काम’ म्हणून आपण बायका मागंच बसतो. पण चर कुठं पडणार, पाणी कुणाच्या विहिरीला लागणार, हे ठरवताना याच रेषा बघतात. म्हणून आज त्यांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी नकाशावर डोंगर दाखवायचा, तर लहान पोरं काढतात तशी टेकाडांची चित्रं काढत. डोंगर आहे एवढं कळे. उंची किती, उतार कसा, ते कळत नसे.

1774 साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर नेव्हिल मॅस्कलिन या खगोलशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. गवंड्याचा असतो तसा ओळंबा डोंगर आपल्याकडं किती ओढतो ते मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वी किती जड आहे याचा हिशेब करायचा. त्यासाठी डोंगराचा आकार नीट कळायला हवा. म्हणून त्याच्या अंगावरच्या अनेक जागांची उंची मोजली. आकड्यांचा ढीग झाला.

तो हिशेब आला चार्ल्स हटनकडं. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला आणि पुढं गणिताचा शिक्षक झालेला हा माणूस. त्यानं सारख्या उंचीच्या जागा एकेका रेषेनं जोडल्या, आणि डोंगराचा आकार कागदावर दिसू लागला. 1778 साली त्याचं काम छापून आलं. नदीच्या तळाची खोली दाखवायला हॉलंडमध्ये 1730 च्या सुमारास अशा रेषा काढल्या होत्या. हटननं त्या डोंगरावर चढवल्या. आज आपण त्यांना समोच्च रेषा म्हणतो.

आपल्याकडं भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून आहे. त्याच्या नकाशांवर या रेषा तपकिरी असतात. नेहमीच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, आणि सहसा दोन रेषांमध्ये 20 मीटर उंचीचा फरक. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे मोजायला सोपं. रेषा दाटीवाटीनं असतील तर उभा चढ, लांब लांब असतील तर सपाटी. रेषा टोकदार होऊन चढाकडं वळल्या, तर तिथं ओढा किंवा घळ. पाणी असलेला प्रवाह निळा, कोरडा ओढा काळा. या खुणा ठरलेल्या आहेत, म्हणून गडचिरोलीचा नकाशा साताऱ्याच्या बाईलाही वाचता येतो.

मात्र 20 मीटरच्या फरकात आपल्या बांधाचा उतार दिसत नाही. म्हणून सलग समतल चराची रेषा जमिनीवरच आखावी लागते. त्यासाठी तीन काठ्यांची ए-फ्रेम पुरते. मधोमध दोरीला दगड बांधला की झाला ओळंबा. रेषा थोडी जरी तिरकी गेली, तरी पाणी एका टोकाला धावतं, चर फुटतो आणि खालच्या शेताची माती जाते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत नकाशाजवळच्या सतरंजीवर बसा. आपलं गाव, आपला ओढा, आपली विहीर त्यावर बोटानं दाखवायला सांगा. चर माथ्यापासून सुरू होणार की पायथ्यापासून, तेही विचारा. गटाच्या बैठकीत आपण ए-फ्रेम बांधून बघू.