काटोलचे अशनी आणि लोहपाषाणी वर्गाची परीक्षा

दिनांक २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूरजवळील काटोलच्या परिसरात स्फोटासारखे आवाज होऊन आकाशातून दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातील अभ्यासकांनी तुकडे गोळा केले. एकूण वस्तुमान सुमारे १३ किलोग्रॅम भरले. प्राथमिक पाहणीत ऑलिव्हिन हे हिरवट खनिज आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यात धातूचे कणही होते.

ऑलिव्हिन आणि लोह एकत्र म्हटले की पॅलसाइटाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पॅलास याने १७७२ साली सायबेरियात पाहिलेल्या वस्तुपिंडावरून हे नाव पडले आणि क्लाडनीने १७९४ मध्ये त्याच पिंडाच्या आधारे अशनींचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्रातही या वर्गाचा एक नमुना नोंदलेला आहे. तो १८४७ साली पुण्याजवळ सापडला. रोमन लिपीतील त्याचे नाव 'सिंघुर' असे वाचले जाते. इंग्रज लेखक 'गड' हा शब्द 'घुर' असा लिहीत, हे ध्यानी घेता मूळ स्थळ सिंहगड असावे. अशनीस गावाचे नाव द्यावयाचे आणि ते गावच नोंदीतून ओळखू येऊ नये, हा प्रकार खेदजनक खरा.

परंतु केवळ घटकांवरून वर्ग ठरत नाही, त्यांची रचना पाहावी लागते. पॅलसाइटात निकेलयुक्त लोहाचे सलग जाळे असते व ऑलिव्हिनचे स्फटिक त्यात बसविल्यासारखे दिसतात. सामान्य पाषाणी अशनीत याउलट दगड सलग आणि लोह विखुरलेले असते. लोहचुंबक मात्र दोहोंकडे ओढला जातो. विदर्भात आणखी एक घोटाळा संभवतो. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे प्राचीन लोहभट्टी उत्खननात मिळाली आहे. अशा भट्ट्यांची मळीही जड, काळी, कित्येकदा चुंबकास चिकटणारी असते. तिच्यात बुडबुड्यांची छिद्रे दिसतात, निकेल मात्र सहसा नसते. म्हणून तुकडा कापून, घासून त्याचा छेद पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

काटोलचा अशनी या परीक्षेत पाषाणी, 'एल-६' गटातील ठरला. पुढे २०२१ साली त्यातील ऑलिव्हिनचे आघाताच्या दाबाने विघटन होऊन ब्रिजमनाइट बनल्याचे प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल असलेले हे खनिज भूपृष्ठावर हाती येणे अतिदुर्मिळ होय.