एका दुकानात दोन टेलिफोन : थिओडोर वेल यांची कारकीर्द

१/ १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक गावांत व्यापाऱ्यांना दोन टेलिफोन ठेवावे लागत : एक बेल कंपनीचा, दुसरा स्पर्धकाचा. एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलताच येत नसे. या कोंडीवर उत्तर शोधणाऱ्या थिओडोर वेल यांच्याविषयी हा थ्रेड.

२/ वेल मूळचे तारायंत्रचालक. पुढे रेल्वे टपालसेवेचे प्रमुख. १८७८ मध्ये ते बेल कंपनीचे सरव्यवस्थापक झाले. बलाढ्य वेस्टर्न युनियनशी तेव्हा पेटंटचा खटला सुरू होता. १८७९ च्या तडजोडीने वेस्टर्न युनियनने टेलिफोनचा व्यवसाय सोडला.

३/ लांब पल्ल्याच्या तारांसाठी १८८५ मध्ये 'एटी अँड टी' स्थापन झाली आणि वेल तिचे पहिले अध्यक्ष झाले. परंतु भांडवलदारांना लाभांश हवा होता, वेल यांना विस्तार. १८८७ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे अर्जेंटिनात त्यांनी ट्राम आणि जलविद्युत उद्योगांत काम केले.

४/ १८९३-९४ मध्ये बेल यांची मूळ पेटंटे संपली आणि स्वतंत्र कंपन्यांचे पेव फुटले. १९०७ पर्यंत देशातील जवळजवळ निम्मे टेलिफोन त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी वेल यांना पुन्हा अध्यक्षपदी बोलावण्यात आले.

५/ त्यांचे सूत्र होते : 'एक धोरण, एक व्यवस्था, सार्वत्रिक सेवा'. येथे 'सार्वत्रिक' म्हणजे घरोघरी स्वस्त फोन असा अर्थ नव्हता. प्रत्येक ग्राहक दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला असावा, हा होता. या मक्तेदारीच्या मोबदल्यात त्यांनी सरकारी नियंत्रणही मान्य केले. त्या काळच्या उद्योगपतीसाठी ही भूमिका विलक्षणच!

६/ दुसरीकडे ते स्पर्धक कंपन्या विकत घेत राहिले. १९०९ मध्ये वेस्टर्न युनियनही ताब्यात आली. अखेर मक्तेदारीविरोधी कारवाईच्या सावटाखाली, डिसेंबर १९१३ मध्ये 'किंग्जबरी वचननामा' झाला : वेस्टर्न युनियनवरील ताबा सोडायचा आणि स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारा खुल्या करायच्या.

७/ २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को संभाषण घडले. पाय दुखावलेले वेल जॉर्जियातील जेकिल बेटावरून त्यात सहभागी झाले. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली व्यवस्था १९८४ मध्ये विभागली गेली.

८/ एकसंध जाळ्यासाठी एकच मालक हवा, हे वेल यांचे गृहीतक काळाने खोटे ठरवले. आज आपल्या सिमकार्डावरून दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकावर सहज बोलता येते, कारण कंपन्या वेगळ्या असल्या तरी परस्परजोडणी बंधनकारक आहे. सर्वांनी सर्वांशी जोडलेले असावे, हा वेल यांचा आग्रह मात्र टिकून राहिला.