धानोऱ्यातील घरबांधणी : पिढीजात हात आणि जंगलाचा हक्क

शहरात घरबांधणीचा कौटुंबिक व्यवसाय म्हटले, की आजोबांची कंत्राटदारी, मुलाची कंपनी आणि नातवाची गृहसंकुले डोळ्यांसमोर येतात. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या खेड्यांत या व्यवसायाला ना फलक आहे, ना हिशेबाची वही. तरीही घर बांधणे हे येथे कुटुंबाकुटुंबांतून चालत आलेले काम आहे. गोंड शेतकरी कुटुंब आपले घर आपणच उभारते. खांबाचे लाकूड पारखण्याची नजर बापाकडून मुलाकडे जाते. जे घरच्यांना जमत नाही, तेवढ्यापुरते सुतार, लोहार, कुंभार आणि बुरड यांच्याकडे जावे लागते. त्यांचीही ही कामे पिढीजातच. या परंपरेचा इतिहास मात्र कारागिरीपेक्षा एका प्रश्नाने अधिक घडवला आहे : घराला लागणारे लाकूड कोणाचे?

धानाची कापणी-मळणी आटोपली, की बांधकामाचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी तो संपवावाच लागतो. साग, ऐन किंवा बिजा यांचे खांब जमिनीत रोवले जातात. त्यांवर मयाल, मयालावर वासे. भिंती बांबूच्या कुडाच्या. माती, शेण आणि तणस एकत्र तुडवून तयार केलेला गिलावा कुडावर दोन्ही बाजूंनी चढवला जातो. छपरावर कवेलू. ते कुंभार चाकावर नळीसारखे घडवतो, उभे चिरून त्याचे दोन भाग करतो आणि आव्यात भाजतो. या कवेलूंचे खरे वैरी पाऊस नव्हे, तर वानरे. म्हणून दरवर्षी मृगापूर्वी छपरावर चढून कवेलू फेरणे, फुटके काढून नवे बसवणे, हे काम ठरलेलेच असते. खांब उभे करण्याच्या आणि मयाल चढवण्याच्या दिवशी शेजारीपाजारी येतात. घरधनी त्यांना जेवण घालतो आणि त्यांच्या घराच्या वेळी स्वतः हजर राहतो. भिंती लिंपणे व जमीन सारवणे स्त्रियांकडे असते. घर टिकते ते बहुतांशी या कामामुळे, पण घर कोणी बांधले असे विचारले तर नाव पुरुषाचेच सांगितले जाते.

या सर्व बांधणीत विकत घेण्याजोगे फार थोडे. लाकूड, बांबू आणि माती गावाच्या शिवारातून व जंगलातून येत असे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याच्या पूर्व भागात जमीनदाऱ्या होत्या. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील जमीनदारी व मालगुजारी रद्द झाली आणि त्यांची जंगले सरकारजमा झाली. गावकऱ्यांना घरासाठी, शेतीच्या अवजारांसाठी आणि सरपणासाठी जंगलातून काय घेता येईल, याची नोंद ‘निस्तार पत्रका’त झाली. हक्क कागदावर राहिला. प्रत्यक्षात भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली मयालासाठी झाड तोडणारा गावकरी गुन्हेगार ठरू शकत होता, तर दुसरीकडे जिल्ह्यातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला जात होता.

हा संघर्ष धानोऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवरील मेंढा (लेखा) या गावात उघडपणे समोर आला, आणि त्याचे निमित्त एक इमारतच होती. इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतर गोंड गावांत आपल्या परंपरांविषयी नवी जाग आली होती. मेंढ्याने घोटुल, म्हणजे तरुणांच्या एकत्र येण्याचे पारंपरिक घर, पुन्हा उभारायचे ठरवले आणि त्यासाठी जंगलातून लाकूड आणले. वन विभागाने ते बांधकाम पाडून लाकूड जप्त केले. त्यावर आसपासच्या अनेक गावांनी घोटुल उभारले. मेंढ्यातही ते पुन्हा उभे राहिले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे देशभर पोहोचली. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे तिच्याशी जोडली गेली. गावाने स्वतःवरही बंधने घालून घेतली : फळझाडे तोडायची नाहीत, आणि घरासाठी लाकूड हवे असल्यास ग्रामसभेची संमती घ्यायची.

वन हक्क अधिनियम, २००६ ने निस्तार हक्काला कायद्याचा आधार दिला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वन हक्क मिळाला. बांबू हा गौण वनोपज असल्याचे या कायद्यात स्पष्ट असूनही वाहतूक परवान्याचा वाद रेंगाळला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात मोडत नाही. घरापुरते ते निस्तार म्हणून घेता येते, विकता येत नाही.

लाकडाचा हक्क असा मान्य होत असतानाच लाकडाचे घर मागे पडू लागले. इंदिरा आवास योजनेने १९८० च्या दशकात आणि प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ पासून पक्के घर खेड्यात आणले. नव्या योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून, सुरुवातीला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. गंमत अशी, की नियमानुसार हे घर लाभार्थ्यानेच बांधायचे असते. कंत्राटदार नेमण्यास मनाई आहे. म्हणजे कागदावर कुटुंबच अजूनही घराचे कर्ते आहे. पण कूड विणणाऱ्या हाताला विटेची भिंत ओळंब्यात उभी करणे ठाऊक नसते. सिमेंट, सळई आणि गवंडी बाहेरून आणावे लागतात. स्लॅबच्या घराला वाळवीची धास्ती नाही आणि दरवर्षीची छपराची फेरणीही नाही, ही सोय खेड्यातील स्त्रियांना विशेष मोलाची वाटली तर नवल नाही. उन्हाळ्यात मात्र कवेलूखाली जो गारवा असतो, तो स्लॅबखाली मिळत नाही. गावात पक्की घरे वाढली, की कुंभाराच्या आव्याचेही काम घटते.

पिढी वाढते तसे नवे घर हवे असते, कारण लग्न झालेला मुलगा अनेकदा वेगळी चूल मांडतो. गावठाणाची हद्द मात्र वाढत नाही आणि तिच्यापलीकडे वनजमीन सुरू होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून वन हक्क कायद्यात बदल करणारी अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घरासाठी जागा मिळावी, हा तिचा हेतू होता. धानोरा तालुका या अनुसूचित क्षेत्रात येतो.