होकार देणारा मुलगा आणि नॉयकोल्नची शाळा



शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक कोणते करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. पात्रे किती, मुलींना कामे किती, पोशाख भाड्याने आणावयास पैसे किती लागतील, आणि एखादे वाक्य मुख्याध्यापकांना खटकणार तर नाही ना, एवढे पाहिले म्हणजे निवड झाली, असा आपल्याकडचा रिवाज. ज्यांनी ते नाटक करावयाचे त्या मुलांच्या वाट्याला पाठांतर तेवढे येते. मी कामगार चळवळीतला माणूस. नाट्यशास्त्राचे शिक्षण मला लाभले नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, शब्दकोश उशाशी ठेवून. परंतु ‘ज्याला सोसावयाचे आहे त्याला विचारले का?’ हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे. म्हणूनच बर्लिन शहरात 1930 साली घडलेली एक हकीकत आज आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

त्या हकीकतीचे मूळ जपानात आहे. ‘तानिको’ नावाचे एक जुने नो-नाटक आहे. डोंगरयात्रेला निघालेल्या साधकांत जो आजारी पडेल त्याला दरीत लोटावे, असा त्यातला कडक नियम. आईच्या आजारासाठी प्रार्थना करावी म्हणून एक मुलगा यात्रेत सामील होतो, वाटेत आजारी पडतो, आणि नियम त्यालाही लागू होतो. आर्थर वेली या इंग्रज पंडिताने 1921 साली हे नाटक इंग्रजीत आणले. पण शेवटी दैवी कृपेने मुलगा पुन्हा जिवंत होतो, तो भाग त्याने गाळला. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी त्यावरून जर्मन भाषांतर केले. बेर्टोल्ट ब्रेख्ट याच्या हाती जे आले ते असे, मृत्यूपाशी थांबलेले. भाषांतरकाराच्या कात्रीने केवढा फरक पडतो पाहा! मुलगा उठून बसला असता तर पुढचे रामायण घडलेच नसते.

ब्रेख्ट तेव्हा बत्तीस वर्षांचा, संगीतकार कुर्ट वाइल तिशीचा. दोघांनी मिळून शाळेतल्या मुलांसाठी एक छोटी संगीतिका रचली. तिचे नाव ‘देर यासागर’, म्हणजे ‘होकार देणारा’. गाणारी मुले, वाजवणारी मुले, रंगमंच सजवणारीही मुलेच, अशी वाइलची कल्पना होती. ब्रेख्टने देवधर्म बाजूला काढला व त्या जागी ‘थोर रूढी’ आणली. आईसाठी औषध आणावयास मुलगा गुरुजींबरोबर डोंगर ओलांडू लागतो आणि आजारी पडतो. रूढी म्हणते, त्याला विचारावे. आणि रूढीच म्हणते की त्याने ‘परत फिरू नका’ असेच उत्तर द्यावे. मुलगा होकार देतो. सोबती डोळे मिटून त्याला दरीत लोटतात, म्हणजे दोष कुणा एकाचा राहू नये! डोळे मिटून केलेली सामुदायिक कामे आम्ही कारखान्यांतही पाहिली आहेत, आणि खरे सांगायचे तर, आमच्या स्वतःच्या सभांतही.

1930 च्या जून महिन्यात बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनीच हा प्रयोग केला. गवगवा झाला, पुष्कळ शाळांनी तो उचलला. शिस्त, त्याग, आज्ञाधारकपणा. शाळेला आणखी काय हवे असते? फ्रांक वारशाउअर या टीकाकाराने मात्र ‘वेल्टब्यूने’ साप्ताहिकात कडाडून विरोध केला. असे होकार देणारेच महायुद्धात कामी आले, असा त्याच्या लिहिण्याचा रोख होता. शाळेच्या बाकांवरून 1914 साली थेट खंदकांत गेलेली पोरे लोकांच्या स्मरणात ताजी होती.

आता खरी गोष्ट. नॉयकोल्न हा बर्लिनचा कामगार वस्तीचा भाग. 1929 च्या मे दिनी बर्लिनमध्ये पोलिसांनी गोळ्या चालवल्या व त्यानंतरच्या दिवसांत तीसहून अधिक माणसे मेली, त्या रक्तपातात ही वस्तीही होती. तेथे फ्रित्स कार्झेन या समाजवादी शिक्षकाच्या हाताखाली कार्ल मार्क्स शाळा चालत असे. कामावर जाणाऱ्या तरुणांनाही महाविद्यालयात जाता यावे म्हणून तेथे खास वर्ग होते. या शाळेत ‘होकार देणारा’ची चर्चा ठेवली गेली, दहा-बारा वर्षांच्या लहानग्यांपासून मोठ्या विद्यार्थ्यांपर्यंत मुले बोलली आणि त्यांचे बोलणे टिपून ठेवण्यात आले. रूढी आहे म्हणून मरावयाचे, हे मुलांना पटले नाही. नाटकातले गूढ वातावरण काहींना खटकले. एका पोराच्या प्राणाएवढे मोलाचे असे या प्रवासात आहे तरी काय, या शंकेचे उत्तर नाटकात नव्हते.

बड्या लेखकाने पोरांचे ऐकून हसून सोडून दिले असते, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. ब्रेख्टने नाटक पुन्हा लिहावयास घेतले, आणि एकाची दोन नाटके केली. नव्या ‘होकार देणारा’मध्ये सगळ्या गावात साथ पसरली आहे, प्रवास औषधासाठीच आहे. सोबती मुलाला उचलून नेण्याची खटपट करतात, अरुंद कड्यावर ते जमत नाही. तेव्हा त्याचा होकार येतो. दुसरे नाटक ‘देर नाइनसागर’, म्हणजे ‘नकार देणारा’. यात साथ नाही, तातडी नाही, केवळ अभ्यासाची सफर आहे. मुलगा सरळ नाही म्हणतो. प्रत्येक नव्या प्रसंगी नव्याने विचार करावा, ही नवी रूढी आता पाडू या, असे तो सुचवतो, आणि सारे त्याला घेऊन माघारी फिरतात. लोक हसतील हे ठाऊक असूनही फिरतात. होता होईल तो एक नाटक दुसऱ्यावाचून करू नये, अशी सूचनाही ब्रेख्टने जोडली.

मला या दोन नाटकांत पहिलेही टाकाऊ वाटत नाही. संपात उपाशी राहणारा माणूस होकारच देत असतो, आणि त्याच्या होकारावाचून कोणताही लढा उभा राहत नाही. पण प्रश्न खरा विचारला होता की उत्तर आधीच ठरवून विचारला होता, एवढा भेद चौदा वर्षांच्या मुलाला नीट कळतो. नॉयकोल्नला तो कळला. आपल्याकडे ब्रेख्ट आला तो मोठ्यांच्या नाटकांतून. पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ 1978 साली लोकांनी डोक्यावर घेतला. शाळेसाठी म्हणून लिहिलेली ही दोन नाटके मात्र शाळामास्तरांच्या कपाटात क्वचितच आढळतील. वास्तविक दोन्ही मिळून एका संध्याकाळीत सहज मावतात. डोंगर दाखवायला दोन बाके पुरतात, आणि गाणाऱ्या मेळ्यात सबंध वर्ग उभा करता येतो.

एक अडचण आहे. वाइलचे संगीत आहे ते होकाराला. नकाराला त्याने चाल लावलीच नाही. त्यामुळे जेथे संगीतिका म्हणून प्रयोग होतो तेथे बहुधा मुलगा दरीतच जातो.

1933 साली हिटलर सत्तेवर आला. फेब्रुवारीतच कार्झेनला शाळेतून काढण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रेख्टने देश सोडला, मार्चमध्ये वाइलने. नॉयकोल्नच्या मुलांची टिपणे त्याआधीच ब्रेख्टने ‘फेरझूखे’ या आपल्या पुस्तिकामालेत नाटकांसोबत छापली होती, म्हणून ती उरली.