ठासणीची बंदूक आणि मोहाची पहाट

रायपुरातल्या समता कॉलोनीतील आमच्या घराच्या ओसरीवर पडदा अडकवलेला एक लोखंडी गज आहे. अडीच हात लांब, एका टोकाला किंचित फुगीर आणि दुसऱ्या टोकाला अंगठ्याच्या घर्षणाने गुळगुळीत झालेला हा गज माझ्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा. बंदूक पुढे सरकारजमा झाली, गज तेवढा घरात राहिला. मागल्या फाल्गुनात शेजारचा एक महाविद्यालयीन मुलगा त्या गजाखाली उभा राहून मला विचारू लागला, “आजोबा, अस्वल अंगावर आलं तर कोणती बंदूक बरी?” बारनवापाराच्या अभयारण्यालगत त्याच्या मित्राचे शेत होते आणि तेथे चौघेजण तंबू ठोकून दोन रात्री राहणार होते. त्याचा प्रश्न खरा होता. म्हणून त्याला दिलेले उत्तर दोन वाक्यांत संपले, तरी त्यामागचा अडीचशे वर्षांचा इतिहास मला सविस्तर मांडावासा वाटतो.

आमच्या मुलखातले अस्वल म्हणजे काळ्या, लांब, विस्कटलेल्या केसांचे आणि छातीवर फिकट खूण असलेले जनावर. १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची वाकडी, लांब नखे आणि वरच्या जबड्यातील पुढच्या दोन दातांची उणीव पाहून त्याला झाडावर उलटे लोंबकळणाऱ्या आळशी प्राण्यांच्या वर्गात बसवले, आणि ती चूक दुरुस्त झाल्यावरही ‘स्लॉथ बेअर’ या इंग्रजी नावातला आळस कायम राहिला. दातांची ती फट हे या प्राण्याचे खरे हत्यार आहे. वारूळ नखांनी फोडून, ओठांची नळी करून ते वाळवी अशा जोराने ओढून घेते की तो आवाज रात्रीच्या शांततेत बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. त्याची दृष्टी मंद असते. खाण्यात गढलेले असताना माणूस अगदी पाच-दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग वाघाच्या शेजारात पिढ्यानपिढ्या काढलेले हे जनावर पळण्याऐवजी पुढे झेपावते, मागच्या पायांवर उभे राहते आणि नखे माणसाच्या चेहऱ्याकडे वळवते. पोट भरण्यासाठी ते माणसाला मारीत नाही. हे सारे काही क्षणांत घडते, आणि बंदुकीचा विचार करणाऱ्याने प्रथम हे क्षण मोजले पाहिजेत.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडाचा कारभार पाहत असता आणि पुढे सुभ्यांच्या काळात परगण्यापरगण्यांतून कमाविसदार वसुलीस हिंडत असता, या रानातून जाणाऱ्या शिबंदीच्या हाती तोड्याची बंदूक असे. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली सुती दोरी. ती सतत धुमसत ठेवायची, चाप ओढला की तिचे पेटते टोक कानावरच्या रंजकेत पडायचे, आणि रंजक पेटून आतली दारू उडायची. दंवाने रंजक ओलसर झाली, वाऱ्याने तोडा विझला, किंवा झुडपातून अस्वल निघाले तेव्हा तो पेटवलेलाच नसला, तर त्या लांबलचक नळीचा उपयोग काठीएवढाच. म्हणून त्या काळचा शहाणा वाटसरू चौघांच्या सोबतीने आणि मोठ्याने बोलत चाले.

१८१८ मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले, आणि तीनचार वर्षांत बंदुकीचा प्रश्न जनावरांपुरता उरला नाही. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी दुष्काळात धान्याचे कोठार उघडून भुकेल्यांना वाटले, कैद भोगली, कैदेतून निसटून शेकडो बंदुकधारी जमवले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. आज ज्या बारनवापाराच्या रानात पोरे तंबू ठोकायला जातात, त्याला सोनाखानचे डोंगर लागूनच आहेत. अशा ठासण्यांची सरकारने धास्ती घेतली, आणि पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. त्या कायद्याखाली रयतेच्या घरातली बंदूक ही परवान्याची वस्तू झाली. परवाना कोणास द्यावा याचा निर्णय जिल्ह्याच्या साहेबाकडे गेला, आणि साहेबाच्या लेखी विश्वासू ठरला तो मालगुजार, पेन्शनर सुभेदार, क्वचित एखादा मातबर कास्तकार. गोंड, कमार, बिंझवार यांच्या हाती राहिला टंगिया, म्हणजे लांब दांड्याची हलकी कुऱ्हाड, आणि धनुष्य.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला बंदुकीची निवड हे एक शास्त्रच होऊन बसले. मध्यप्रांताच्या जंगलखात्यातील कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि सातपुड्याच्या रानांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८७१ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, बाहेर पडले. मोठ्या गोल गोळीमागे भरपूर दारू घालावी, नळीतील आटे सावकाश वळणारे असावेत, म्हणजे जवळच्या निशाण्यावर जबर धक्का बसतो, असे त्यांचे मत होते. जवळची गाठ ही अस्वलाचीच गाठ असल्याने ते मत आमच्या रानाला लागू पडत होते. बारा बोअर हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बसते ती बारा बोअरची नळी. १८८५ च्या सुमारास कर्नल फॉसबेरी यांच्या कल्पनेवरून हॉलंड आणि हॉलंड या लंडनच्या कारखान्याने पॅराडॉक्स नावाची दुनाळी काढली. तिची नळी सर्वत्र गुळगुळीत आणि टोकाच्या दोन-चार इंचांपुरतेच आटे. त्यामुळे एकाच बंदुकीतून छर्रेही उडवता येत आणि जड गोळीही नेमकी जाई. १८८८ मध्ये नागपुराहून आगगाडी रायपुरास आली, आणि तिच्याबरोबर अशा बंदुकांचे चामडी पेटारे उतरू लागले. साहेब मचाणावर बसत, हाकारे रान उठवीत, आणि अस्वल साहेबापर्यंत पोचण्याआधी त्याची गाठ पडे ती रिकाम्या हातांच्या हाकाऱ्याशी.

आजोबांची बंदूक शिबंदीची तोड्याची बंदूक आणि साहेबाची दुनाळी या दोहोंच्या मधली. ते एका मालगुजाराच्या कचेरीत कारकून होते आणि महानदीकाठच्या थोड्याशा शेतीच्या रक्षणासाठी त्यांना टोपीच्या ठासणीचा परवाना मिळाला होता. ती भरण्याचा विधी मी लहानपणी मांडी घालून पाहिला आहे. शिंगड्यातून मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, हाच गज नळीत घालून तो अंगावर उसळू लागेपर्यंत ठासायचे, मग छर्रे किंवा गोळी, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी घोडा अर्धा ओढून निपलावर तांब्याची टोपी बसवायची. सावकाश शंभर मोजेपर्यंत हे चाले. म्हणजे या बंदुकीत एकच बार, आणि तो उडाला की धुराच्या पांढऱ्या ढगात समोरचे काहीच दिसेनासे होई. आजोबा सांगत की अस्वलावर ती झाडणे म्हणजे जखमी अस्वल आणि रिकामी बंदूक एकाच वेळी पदरात घेणे. काळ्या विस्कटलेल्या केसांत खांदा कुठे आणि पोकळ केस कुठे हे अंधारात कळत नाही. म्हणून त्यांनी ती डुकरांना पळवण्यासाठी आभाळाकडे उडवली, आणि अस्वलाचा माग दिसला की दोन दिवस त्या बांधाला जाणेच सोडले. बालपणी दारी येणाऱ्या दरवेशाच्या अस्वलाच्या पाठीवर बसवून ज्यांची भीती घालवली गेली आणि ताइतात ज्यांच्या गळ्यात त्याचा केस बांधला गेला, त्या आजोबांनी पुढे रानातल्या अस्वलाचा हा अदब जन्मभर पाळला.

परंतु अस्वलाची खरी गाठ पडते ती कोणाशी? चैत्राच्या तोंडी मोह फुलतो. फुले रात्रभर गळतात, पहाटेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडतो, आणि उजाडण्याआधी टोपली घेऊन बाया तेथे पोचतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि हरणे फुले खाऊन जातात. त्याच फुलांसाठी त्याच अंधारात अस्वलही आलेले असते. एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात उत्तर बिलासपूर वनविभागात अस्वलांच्या १३७ हल्ल्यांची नोंद संशोधकांनी केली, त्यांत ११ माणसे दगावली. जी वाचली त्यांतल्या अनेकांच्या चेहऱ्यावरची जखम पुढे आरशापुरती राहिली नाही. बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत लोकांच्या नजरा ती पुन्हा पुन्हा उघडतात. बंदुकीचा परवाना ज्यांना मिळाला त्यांची या पहाटेशी गाठ नव्हती, आणि ज्यांची गाठ रोजची होती त्यांना परवान्याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हेही कोणी सांगितले नव्हते. ही गोष्ट मला फार लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हत्यार कायदा आला. मुंगेरच्या कारखान्यांतील दुनाळ्या आणि ईशापूरची पॉइंट तीनशे पंधराची रायफल ही परवानेदारांची ठरलेली निवड झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. त्या कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानेदाराला आपल्या हत्याराची नोंद करावी लागते. प्राण वाचवण्यासाठी नेकीने केलेला प्रहार हा गुन्हा मानलेला नाही, मात्र मेलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. दूर अलास्कात, जेथे अस्वलाचे वजन आमच्या अस्वलाच्या तिपटीहून अधिक भरते आणि बंदूक विकत घेणे सोपे आहे, तेथल्या घटनांचा अभ्यास करणाऱ्यांनाही असे आढळले की बंदूक जवळ असलेल्यांत ती उडवणारे आणि न उडवणारे यांच्या नशिबात फारसा फरक पडला नाही, तर लाल मिरचीच्या अर्काचा फवारा बहुतेक प्रसंगी अस्वलाला परतवून गेला. आणि २०१६ च्या मार्चमध्ये महासमुंद जिल्ह्यात एका अस्वलाने वनखात्याच्या एका कर्मचाऱ्यासह तीन माणसांचे प्राण घेतले, तेव्हा ते अखेर पोलिसांच्या बंदुकांनी मारले गेले. एकट्याच्या हातची बंदूक तेथे पुरली नसती.

त्याच महासमुंद जिल्ह्यात बागबाहऱ्याजवळ घुंचापालीच्या डोंगरावर चंडीमातेचे देऊळ आहे आणि तेथे संध्याकाळच्या सुमारास रानातली अस्वले येऊन भक्तांच्या हातचा प्रसाद खातात. मी ते पाहिले आहे. जवळ गेलेल्या माणसांच्या धाडसाची मला काळजी वाटली, तरी त्या काळ्या केसाळ तोंडाला नारळाचा तुकडा देणारा थरथरता हात मी विसरलेलो नाही.

शेजारच्या मुलाला मी गज काढून हातात दिला, त्याचे वजन त्याला पाहू दिले, आणि म्हटले, “बंदूक नको. बॅटरी घे, काठी घे, अन्न तंबूत ठेवू नको, आणि अंधारात एकटा उठू नको.” परत आल्यावर तो सांगू लागला की दुसऱ्या पहाटे तंबूबाहेर बऱ्याच अंतरावर फुंकर आणि घोट यांच्या मधला एक आवाज सतत येत होता. ते चौघे श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात पलीकडच्या मोहाकडे निघालेल्या बाया एकमेकींना नावाने मोठमोठ्याने हाका मारीत पायवाटेने आल्या, आणि तो आवाज थांबला. थोड्या वेळाने टोपल्यांत फुले पडू लागल्याचे त्यांना ऐकू आले.