काकांची चारमिनार

नांदेडहून काचीगुड्याला उतरलो की काका आधी पानटपरी गाठायचे. बिनफिल्टरची, कडक चारमिनार. ओठाला चिकटलेला तंबाखूचा कण ते नखानं हलकेच काढत. ही सिगारेट मुंबईहून येते, असं मला वाटे. ती निघाली इथलीच, हैदराबादची! १९३० साली, निजामाच्या अमलात स्थापन झालेल्या वझीर सुलतान टोबॅकोची, कारखाना आझमाबादला.

तंबाखू मात्र दूरची. मेक्सिकोकडचे माया लोक ती ओढत. पोर्तुगीजांनी ती दख्खनेत आणली. १६०४च्या सुमारास मुघल दूत असद बेगनं विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली. बादशहानं झुरका घेतला, हकीम कुरकुरला. काकूही कुरकुरायची. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदाही चारमिनारच ओढतो, हे सांगितल्यावर काका म्हणाले, “काडीपेटी दे.”